रक्तातील विळा : कार्डावरील दोन अक्षरांमागचे जीवशास्त्र

सिकलसेल हा शब्द मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड आणि विदर्भ यांच्या सीमेलगतच्या गावांत आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. आरोग्य कर्मचारी शाळेत किंवा अंगणवाडीत येतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि तपासणी पूर्ण झाल्यावर एक कार्ड हाती देतात. तपासणीचा निष्कर्ष बहुधा दोन अक्षरांत सांगितलेला असतो : एए, एएस किंवा एसएस. या अक्षरांचा अर्थ न उमगल्यामुळे निरोगी मुलगी 'रोगी' ठरते, जुळत आलेली सोयरीक फिसकटते आणि उलटपक्षी खरोखर आजारी असलेले मूल 'जरा अशक्त आहे' एवढ्यावरच वर्षानुवर्षे विनाउपचार राहते. वास्तविक नववी-दहावीच्या विज्ञानात पेशी, गुणसूत्रे, जनुके आणि आनुवंशिकता यांविषयी जे जे शिकविले जाते, ते सारे या दोन अक्षरांत सामावलेले आहे. यास्तव हा विषय मुळापासून समजून घेणे इष्ट होईल.

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. वीट हा जसा भिंतीचा घटक, तशी पेशी हा शरीराचा घटक होय, असे सांगण्याची प्रथा आहे. परंतु ही उपमा थोडी अपुरी पडते. वीट निर्जीव असते. पेशी अन्न घेते, ऊर्जा निर्माण करते, टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकते आणि बहुतेक पेशी स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकतात. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या पोळ्यासारखी घरे पाहिली आणि त्यांना 'सेल' म्हणजे खोली हे नाव दिले. त्याला दिसल्या त्या खोल्यांच्या रिकाम्या भिंतीच होत्या. त्यांतील सजीव द्रव्य केव्हाच नाहीसे झालेले होते. वनस्पती आणि प्राणी या दोहोंचीही शरीरे पेशींचीच बनलेली असतात, हा सिद्धान्त श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्ये मांडला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतील विद्यार्थ्यांची येथे एक गंमतीची अडचण होते. मराठी पुस्तकात ज्याला पेशी म्हणतात त्याला हिंदी पुस्तकात 'कोशिका' म्हणतात, आणि हिंदीतील 'पेशी' म्हणजे मराठीतील स्नायू! शिवाय न्यायालयातील तारखेलाही हिंदीत पेशीच म्हणतात. इंदूर, बऱ्हाणपूर किंवा बालाघाट येथील शिक्षकांनी पहिल्याच दिवशी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर पुढचा बराच घोटाळा टळेल.

आता रक्ताकडे वळू. एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी दोन्ही बाजूंनी किंचित दबलेल्या चकतीसारखी असून तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट इतकाच भरतो. ती अतिशय लवचीक असते. तिच्या स्वतःच्या रुंदीहून अरुंद असलेल्या केशवाहिनीतूनही ती अंग दुमडून पार होते. तिच्या आत हिमोग्लोबिन नावाचे तांबडे प्रथिन खच्चून भरलेले असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि बोटांच्या टोकापर्यंत नेऊन सोडायचा, हे या प्रथिनाचे काम. सुमारे १२० दिवस हे काम करून ती पेशी नष्ट होते आणि हाडांतील मगजातून नवी पेशी तिची जागा घेते.

सिकलसेल या आजारात या चकतीचा विळा होतो. ही आकृती प्रथम अमेरिकेतील शिकागो येथे दिसली. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी तेथे आलेला एक तरुण १९०४ च्या अखेरीस खोकला, ताप आणि पांडुरोग घेऊन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरने त्याच्या रक्तात लांबट, वाकड्या पेशी पाहिल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात हा दोष असल्याचे वृत्त १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये तो आढळला होता. आज मध्य भारताचा मोठा पट्टा, गुजरातचा पूर्व व दक्षिण भाग, महाराष्ट्रातील विदर्भ, नंदुरबार व मेळघाट, छत्तीसगड आणि ओडिशा हे त्याचे प्रमुख प्रदेश मानले जातात. हा केवळ आदिवासींचा आजार आहे ही समजूत मात्र बरोबर नाही. विदर्भ, छत्तीसगड व ओडिशा येथील बिगर-आदिवासी समाजांतही तो आढळतो.

पेशीचा आकार का बदलतो, हे कळण्यासाठी पेशीच्या केंद्रकात शिरावे लागते. शरीराच्या बहुतेक पेशींत एक केंद्रक असते आणि त्यात गुणसूत्रे असतात. माणसात त्यांची संख्या ४६, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून आणि एक पित्याकडून आलेले असते. गुणसूत्रात डीएनए या रेणूचा अतिशय लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो, आणि या धाग्यावर चारच रासायनिक अक्षरांची लिपी असते : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन. २३ गुणसूत्रांच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. एखादे प्रथिन कसे बनवावे याची सूचना देणारा या लिपीतील मजकूर म्हणजे जनुक होय. प्रथिन हे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते आणि लिपीतील तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द कोणता मणी कोठे ओवायचा ते सांगतो.

येथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका हमखास विचारील. रक्तातील तांबड्या पेशीला तर केंद्रकच नसते, मग तिच्यात जनुकाचा दोष आला कोठून? शंका रास्त आहे. तांबडी पेशी मगजात घडत असताना तिला केंद्रक असते. जनुकातील सूचनेप्रमाणे हिमोग्लोबिन बनविण्याचे काम तेथेच होते. पेशी भरत आली की ती केंद्रक बाहेर टाकते आणि मग रक्तात उतरते. सूचना चुकीची असेल तर पेशीत भरलेला मालही तसाच निघणार.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार माळा असतात; दोन अल्फा व दोन बीटा. बीटा माळेचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्या माळेत १४६ मणी असतात. रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असते, हे लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. नेमका फरक कोठे आहे ते १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधून काढले. बीटा माळेतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हा मणी ओवला गेलेला असतो. बाकी १४५ मणी जसेच्या तसे! जनुकाच्या लिपीत पाहिले तर तीन अक्षरांच्या एका शब्दातील मधले अक्षर तेवढे बदललेले असते. अ‍ॅडेनिनच्या जागी थायमिन. 'नगर' या शब्दातील मधले अक्षर बदलून 'नजर' व्हावे, आणि सगळ्या वाक्याचा अर्थच फिरावा, असा हा प्रकार आहे.

व्हॅलिनचा हा मणी पाण्यापासून दूर राहू पाहणारा असतो. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडून दिला की असे रेणू एकमेकांना चिकटतात व त्यांचे लांब ताठ दोर बनतात. या दोरांनी पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकते. प्राणवायू पुन्हा मिळाला की ती सुरुवातीला पूर्ववत होते. परंतु असे वारंवार घडल्यावर ती कायमचीच ताठर बनते. ताठर पेशी केशवाहिनीत अडकतात, मागचा रक्तप्रवाह खुंटतो आणि हाडे, सांधे, छाती किंवा पोट यांत असह्य वेदना उठतात. शिवाय अशी पेशी १२० दिवसांऐवजी अवघी दहा-वीस दिवस टिकते. मगजाला तितक्या वेगाने भरपाई करता येत नाही. त्यामुळे पांडुरोग होतो आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. हा पांडुरोग अन्नातील लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगाहून निराळा आहे. डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या देत राहणे हा त्यावरील उपाय नव्हे.

दोन अक्षरांचा उगम

अकरावे गुणसूत्र प्रत्येकाजवळ दोन असते. म्हणून बीटा माळेच्या जनुकाच्याही दोन प्रती असतात. निरोगी प्रतीला 'ए' आणि बदललेल्या प्रतीला 'एस' म्हणतात. ज्याच्या दोन्ही प्रती निरोगी तो एए. ज्याच्या दोन्ही बदललेल्या तो एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. ज्याची एक प्रत निरोगी आणि एक बदललेली तो एएस, म्हणजे वाहक. वाहकाच्या तांबड्या पेशींत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असल्यामुळे एरवी त्याच्या पेशी वाकत नाहीत. तो शेतात राबतो, खेळतो, संसार करतो. वाहक हा रुग्ण नव्हे आणि पुढे तो रुग्ण होतही नाही. जन्माच्या वेळी जी दोन अक्षरे मिळाली ती आयुष्यभर तीच राहतात. हा आजार स्पर्शाने, पाण्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही, याचेही कारण हेच.

शरीर वाढते तेव्हा पेशीचे सूत्री विभाजन होते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण ४६ गुणसूत्रे मिळतात. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना मात्र अर्धगुणसूत्री विभाजन होते. प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते, दुसरे मागे राहते. म्हणून वाहक पित्याच्या निम्म्या शुक्रपेशींत 'ए' असते, निम्म्यांत 'एस'. मातेचेही तसेच. ऑस्ट्रियाच्या तत्कालीन साम्राज्यातील ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ मध्ये हेच सांगितले होते. त्याने गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे गोल निघाले. परंतु त्यांच्या पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. दडून राहिलेला गुण पुन्हा वर आला. त्याच्या या कामाचे महत्त्व जगाला १९०० मध्ये कळले, तोवर त्याच्या मृत्यूला सोळा वर्षे उलटून गेली होती.

हे गणित वर्गात करून दाखविण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. दोन पिशव्या घ्याव्यात. एक पिशवी आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन चिंचोके टाकावेत. त्यांपैकी एकावर चुन्याचा ठिपका द्यावा. ठिपक्याचा चिंचोका म्हणजे 'एस'. डोळे मिटून दोन्ही पिशव्यांतून एकेक चिंचोका काढावा, जोडी वहीत नोंदवावी आणि चिंचोके पुन्हा ज्याच्या त्याच्या पिशवीत टाकावेत. असे शंभर वेळा केले, तर सुमारे २५ वेळा दोन्ही साधे, सुमारे ५० वेळा एक ठिपक्याचा आणि सुमारे २५ वेळा दोन्ही ठिपक्याचे येतील. वाहक पती-पत्नींच्या अपत्यांचे हेच प्रमाण.

या प्रयोगातील 'पुन्हा पिशवीत टाकणे' ही कृती सर्वांत महत्त्वाची आहे, आणि लोकांचा गैरसमजही नेमका तेथेच होतो. चारांत एक असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठणठणीत निघतील. तसे नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चिंचोके नव्याने काढले जातात; आधी काय निघाले याची पिशवीला आठवण नसते. दोघेही वाहक असलेली आणि चार-चार मुले असलेली शंभर कुटुंबे डोळ्यांसमोर आणली, तर हिशेबाने त्यांतील सुमारे ३२ कुटुंबांत एकही मूल आजारी नसेल आणि सुमारे २६ कुटुंबांत दोन किंवा अधिक मुले आजारी असतील. एकाच गल्लीतील एका घरावर संकटामागून संकट आणि शेजारच्या घरात काहीच नाही, असे दिसले की बाहेरची बाधा, करणी, पूर्वजांचा कोप अशी कारणे शोधली जातात. कारण पिशवीतील चिंचोक्यांचे असते.

आणखी एक गोष्ट याच प्रयोगातून स्पष्ट होते. एसएस मूल जन्मण्यासाठी एक 'एस' आईकडून आणि एक बापाकडून यावाच लागतो. अशा मुलाच्या जन्माचा दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत अनेक घरांत आहे; जीवशास्त्र तिला तिळमात्र आधार देत नाही. दोघांचा वाटा अगदी सारखा असतो आणि दोघांपैकी कोणीही तो जाणूनबुजून दिलेला नसतो.

विवाहाच्या दृष्टीने पाहता, एक एए आणि दुसरा एएस असेल तर एकही मूल एसएस होणार नाही. निम्मी वाहक होण्याची शक्यता राहील. एए व एसएस यांची सर्व मुले वाहक होतील, आजारी एकही नाही. एएस व एसएस यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक मूल आजारी असण्याची शक्यता निम्मी, आणि दोघेही एसएस असतील तर सर्वच मुले आजारी. म्हणजे वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न होऊच नये, हा निष्कर्ष पूर्णतया चुकीचा आहे. पाहावयाचे ते एकाचे कार्ड नव्हे, दोघांची कार्डे. मामाची मुलगी करण्याची चाल जेथे आहे तेथे ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात आणि त्यांच्याकडून एकच 'एस' दोन्ही घरांत उतरलेला असू शकतो. दोन्ही वाहकांचा विवाह आधीच झालेला असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत करता येते. त्यासाठी दिवस राहताच डॉक्टरांना सांगावयास हवे. सातव्या महिन्यात जाऊन उपयोग नाही.

इतका त्रासदायक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर मलेरियात आहे. वाहकांना मलेरियाच्या घातक प्रकारापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून १९५४ मध्ये दाखविले. जेथे जंगल, पाऊस आणि हिवताप, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि 'एस' टिकून राहिला. ज्याला आज कलंक समजले जाते त्याने एके काळी अनेक घराण्यांचा वंश तगवला आहे, एवढे तरी गावकऱ्यांना सांगावे.

तपासणी आणि तिचा अर्थ

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ केला. सतरा राज्यांतील बाधित भागांत शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपविण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. गुजरातमध्ये राज्य शासनाचा कार्यक्रम त्यापूर्वीच, २००६ पासून सुरू झाला होता.

तपासणीची पहिली पायरी म्हणून अनेक ठिकाणी विद्राव्यता चाचणी केली जाते. रक्ताचा थेंब औषधी द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर रक्तात 'एस' आहे असे समजते. परंतु ही चाचणी वाहक व रुग्ण यांत भेद करू शकत नाही. गावपातळीवरील नोंदवहीत 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द लिहिला जातो आणि तो शब्द ऐकून घरात रडारड होते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुसंख्य हे निरोगी वाहक असतात. एएस की एसएस हे प्रयोगशाळेतील इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीनंतरच ठरते. सरपंच, शिक्षक किंवा कर्मचारी यांनी दुसऱ्या चाचणीचा निकाल येईपर्यंत कोणालाही रुग्ण म्हणू नये, आणि निकाल आल्यावरही तो चारचौघांत वाचून दाखवू नये.

रुग्ण असल्याचे निश्चित झाले तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. फॉलिक आम्लाच्या गोळ्या, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोनियाविरुद्धची लस यांचाही उपयोग होतो. हायड्रॉक्सियुरिया मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्त वरचेवर तपासूनच घ्यावयाचे असते. ताप, श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे मान्यता मिळाली; परंतु त्याचा खर्च आज सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश असून नियमांनुसार प्रमाणपत्र मिळू शकते.

शाळांनी व आश्रमशाळांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि पाणीही वारंवार प्यावे लागते. तासाच्या मध्ये बाहेर जाण्याची परवानगी मागणारे मूल खोड्याळच असते असे नाही. उन्हात दमेपर्यंत धावविणे, थंडीत गार पाण्याने आंघोळ घालणे किंवा शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारावयास लावणे या मुलांच्या बाबतीत घातक ठरू शकते. वाहक मुलांना खेळास मज्जाव नाही. मात्र कडक उन्हातील दमविणाऱ्या कसरतीत त्यांनाही पाणी व विश्रांती द्यावी. हजेरीपटावर एखाद्या मुलाचे हातपाय दुखल्याचे कारण पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर ते आरोग्य केंद्रास कळवावे.

गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते व त्यात बीटा माळ नसते. ते जन्मानंतर हळूहळू कमी होते. त्यामुळे एसएस बालक पहिले काही महिने निरोगी दिसते, आणि सहा महिन्यांच्या सुमारास हातापायांच्या पंजांना दुखरी सूज येऊन आजार प्रथम प्रकट होतो. याच कारणाने सहा महिन्यांखालील बाळासाठी द्रावण गढूळ होण्याची चाचणी भरवशाची नसते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर बाळाची तपासणी जन्मल्याबरोबर प्रयोगशाळेतच करवून घ्यावी. अभियानाखालील तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. जाताना घरातील आधीची सर्व कार्डे सोबत न्यावीत.